किदिरालींचा तिसरा बाप

आमच्या तेरेक्ती गावात किदिरालींना रस्ता विचारायची चूक कोणी करत नाही. परका माणूस मात्र हमखास फसतो. मागे एक ट्रकवाला खिंडीकडे जायचा रस्ता विचारायला त्यांच्या फाटकाशी थांबला. म्हातारबुवांनी त्याला खालच्या पुलावरून जा म्हणून सांगितलं, का जायचं त्याची चार कारणं दिली. तो बिचारा गाडीत चढतोय न चढतोय तोच हे मागून ओरडले, "अरे थांब! खालच्या पुलावरून अजिबात जाऊ नकोस!" आणि त्याची पाच कारणं दिली. ट्रकवाल्याने डोक्याला हात लावला, आमच्याकडे येऊन चहा प्यायला आणि आम्हाला विचारलं, "त्या घरात दोन म्हातारे राहतात का हो?"

राहतातच म्हणा ना. सगळं गाव त्यांना 'दोन किदिराली' म्हणतं. एक जाणारा किदिराली, एक येणारा.

हे नावही उगाच पडलेलं नाही. चाळीस वर्षं ते जमिनीच्या खात्यात मोजणीदार होते. कुरण असो, बांध असो, शाळेचं आवार असो, रेघ जाताना मोजायची आणि तीच रेघ येताना पुन्हा मोजायची, असा त्यांचा खाक्या. जाताना मोजणारा माणूस जणू लबाडच होता! दोन आकड्यांत थोडा फरक निघाला की त्यांना बरं वाटायचं. आकडे तंतोतंत जुळले की यांची कुरकुर सुरू. म्हणायचे, "इतकं कसं जुळलं? येताना मी जातानाचाच आकडा मनात धरून चाललो असणार." मग तिसऱ्यांदा मोजणी. उन्हात उभे असलेले शेतकरी मनातल्या मनात शिव्या घालायचे. पण त्यांनी आखलेल्या बांधावरून आमच्याकडे आजवर भांडण झालेलं नाही, हेही खरं.

नोकरी सुटली, खोड सुटली नाही. नऊ-नऊ खळग्यांचा, गोट्यांनी खेळायचा तो आमचा जुना खेळ, तोगुझ कोर्गोल, ते एकटेच खेळतात. एक डाव या बाजूने टाकायचा, मग गुडघ्यावर हात ठेवून उठायचं, पाटाला वळसा घालून पलीकडच्या उशीवर बसायचं आणि तिकडून टाकायचा. एकाच जागी बसून दोन्हीकडचं का खेळत नाही, असं मी एकदा विचारलं. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही तरी अचकट बोललो. "या जागेवरून तिकडचं दिसतं का? इथे बसलं की इथलंच खरं वाटतं." त्यांची बायको उल्कानआजी अशा वेळी चहाचे दोन वाडगे आणून ठेवते. "हा तुमचा. आणि हा त्यांचा. त्यांना विचारा, साखर घालू का?"

तर अशा माणसाकडे आमच्या खोऱ्याची वंशावळ असावी हे योग्यच. सात पिढ्यांच्या आत सोयरीक होत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं; ज्याला आपले सात बाप, म्हणजे बाप, त्याचा बाप असे वरचे सात, पाठ नाहीत त्याला आम्ही माणसात धरत नाही. पण पाठ असणं निराळं आणि बरोबर असणं निराळं. किदिरालींकडे जुन्या नकाशांच्या पाठी एकमेकींना चिकटवून केलेला, अंथरला तर अर्धी खोली भरेल एवढा कागद आहे. एकाच तोंडून ऐकलेलं नाव त्यावर पेन्सिलीने, दोन वेगळ्या तोंडून ऐकलेलं शाईने. लग्न ठरायच्या आधी लोक त्यांच्याकडे येतात. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या सोनूनच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न यांच्या कागदाने मोडलं. मुलाकडचे आणि मुलीकडचे सहाव्या पिढीत एक निघाले. सोनूनने रडून आकांत केला, हे हलले नाहीत. तो मुलगा रशियात गेला तो गेलाच. सोनून आजही दूध घालायला येते. पण त्यांच्या घरी बसत नाही, फाटकातूनच भांडं देते.

आणि या वर्षी वेळ आली ती त्यांच्याच घरावर.

कानिशाय ही त्यांच्या मुलाची, तुर्सुनबेकची मुलगी. बाप बिश्केकला गाडी चालवतो. पोरगी वाढली ती आजोबांच्या मांडीवर. आता इथल्याच दवाखान्यात परिचारिका आहे. पलीकडच्या खोऱ्यातला एल्दियार, गुरांचा डॉक्टर, तिला आवडला. घोड्याच्या लाथेने मोडलेलं बोट बांधून घ्यायला म्हणून आला आणि बोट बरं झालं तरी दर आठवड्याला दाखवायला येत राहिला. दोन्ही घरं खूश. शनिवारी मुलाकडचे येणार, कानिशायच्या कानात कुंडलं घालणार, म्हणजे सोयरीक पक्की.

सोमवारी किदिरालींनी मुलाच्या चुलत आजोबांना, जुमाकादिरना, फोन लावला. मुलाचे सात बाप लिहून घेतले. कागदावर बघितलं. कुठेच गाठ नाही. दुसरा कोणी असता तर फोन ठेवून मेजवानीची मेंढी निवडायला गेला असता.

"आठवं नाव काय?" यांनी विचारलं.

"आठवं? अहो, सातच लागतात की!"

"सातच लागतात. पण सातवा बरोबर आहे की नाही ते आठव्यावरून कळतं."

जुमाकादिर हसले. "तुमची ख्याती ऐकून होतो. लिहा. केल्दिबेक. चक्कीवाला केल्दिबेक. नदीच्या उतारावर पहिली पाणचक्की बसवली तो."

किदिरालींचा हात तिथेच थांबला. त्यांच्या स्वतःच्या घराची ओळ त्या कागदावर सगळ्यात जुनी, काळ्याभोर शाईची. त्यांनी बोट ठेवून मोजली. कानिशायचा पहिला बाप तुर्सुनबेक. दुसरे ते स्वतः. तिसरा बोरोम्बाय. चौथा सात्की, पाचवा तोको, सहावा जायची. सातवा केल्दिबेक. चक्कीवालाच.

मुलाकडून आठ पिढ्या, मुलीकडून सात. दोन्हीकडून सात पिढ्या ओलांडल्या पाहिजेत, म्हणजे दोन्ही घरांचा एकच निघणारा बाप आठवा किंवा त्याच्याही वरचा हवा, हा आमच्या खोऱ्याचा नियम. मुलाकडून ओलांडल्या होत्या. मुलीकडून एक कमी पडत होती.

"एक अडचण दिसतेय," ते फोनवर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत सांगतो."

"म्हणजे आमच्याकडची मेंढी कापू का नको?"

"चारा घाला तिला."

त्या दिवसापासून त्या घरात जे काही चाललं ते भिंतीला भिंत लागून असल्याने आम्हाला सगळं ऐकू येत होतं. म्हातारबुवा या उशीवरून त्या उशीवर. या उशीवर बसले की म्हणत, "एकाच पिढीचा तर प्रश्न. मौलवी म्हणतात धर्मात आडकाठी नाही. सरकारची नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा चक्कीवाला, त्याच्यासाठी पोरीचं आयुष्य मोडणार?" मग उठून पलीकडे बसत. "एकाच पिढीचा? सोनूनच्या मुलीलाही दोनच कमी पडत होत्या. तेव्हा दोन चालल्या नाहीत, आज एक चालते? का? तर आज पोरगी तुझी आहे म्हणून!" पुन्हा उठत. "बरं, पण कदाचित मी मुद्दामच कडक होतोय. लोकांनी म्हणू नये की घरच्यासाठी वाकला, म्हणून नातीचा बळी देतोय. हा काय न्याय झाला? हा तर नुसता दिमाख!" आणि पलीकडे जाऊन, "वा! छान पळवाट शोधलीस!"

लोक म्हणतात यांना स्वतःवर भरवसा नाही म्हणून हे भांडतात. मला ते पटत नाही. यांना भरवसा नाही तो आपल्या मायेवर. चाळीस वर्षं त्यांनी बघितलंय, शेतकऱ्याला बांध हवा असतो तिथेच दिसतो, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच दिसतो. मग आपल्यालाही तसंच होत नसेल कशावरून? म्हणून ज्या बाजूला जीव ओढतो तिच्या विरुद्ध हा माणूस स्वतःच उभा राहतो. दुसऱ्या पारड्यात कोणी तरी बसायला हवं ना!

बुधवारी कानिशाय दवाखान्यातून आली ती कोट न काढताच त्यांच्यासमोर बसली. डोळे सुजलेले.

"आजोबा, मला आजीने सांगितलं."

"अजून काही ठरलेलं नाही."

"ठरवा तुम्ही. नाही म्हणालात तर मी नाही करणार. पळून जाणार नाही, रुसून बसणार नाही. तुम्ही सोनूनआजीला तोंड कसं दाखवायचं, हे मला कळतं." तिने त्यांचा हात धरला. "पण एकच सांगा. हो तर हो, नाही तर नाही. या वेळी दोन्ही नका सांगू. माझ्याच्याने ते सोसवणार नाही."

 ती आत गेल्यावर म्हातारबुवांनी उशी उचलून भिंतीवर आपटली. कोणती उशी, ते काही मला कळलं नाही.

गुरुवारी सकाळी उल्कानआजी पाहुण्यांसाठी बोरसोक करायला बसली. पीठ मळायचं, पोळी लाटायची, तुकडे कापून तेलात सोडायचे, मोठं काम. कागद खोलीभर पसरलेला, त्याच्या कडेला बसून हिचं लाटणं चाललेलं.

"कशासाठी करतेस?" किदिराली म्हणाले. "ते यायचे की नाही तेच नक्की नाही."

"नाही आले तर आपण खाऊ. तुम्ही दोघं आहातच."

"उल्कान, चेष्टा पुरे. मी बारा वेळा मोजलं. सातच येतात."

"कुठून मोजलंत?"

"कुठून म्हणजे? पोरीपासून वर."

"बाराही वेळा?"

"हो."

"आणि वरून खाली?"

 जन्मभर जी खोड होती ती या वेळी कशी सुटली, ते किदिरालींनाच कळेना. ते रांगत कागदाच्या वरच्या टोकाला गेले. केल्दिबेक. त्याचा मुलगा जायची. त्याचा तोको. त्याचा सात्की. सात्कीचा बोरोम्बाय. बोरोम्बायची मुलं...

बोरोम्बायच्या नावाखाली दोन फांद्या होत्या. एक किदिराली. दुसरी बाजूला, थोरली: मुकाश.

उल्कानआजीने पिठाने माखलेलं बोट त्या दुसऱ्या फांदीवर टेकवलं. सासरच्या वडीलधाऱ्याचं नाव आमच्याकडे सून तोंडाने घेत नाही. पन्नास वर्षांत तिनेही घेतलेलं नव्हतं.

"यांना तुम्ही इथे कोपऱ्यात का बसवलंत?" ती म्हणाली.

"दादा आहे माझा. भाऊ भावाशेजारीच यायचा."

"अहो मोजणीदार! मी या घरात सून म्हणून आले, वाकून नमस्कार करायला लागले, तेव्हा तुम्हाला वाढवलेल्या म्हातारीने माझ्या कानात काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, तो दारापाशी लंगडा बसलाय ना, त्याच्यापुढे जरा जास्त वाक. तो तुझा सासरा."

किदिरालींना हे नवीन होतं असं मुळीच नाही. गावातल्या कोणाही म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पहिलं नातवंड आजा-आजीला द्यायचं, ते त्यांनी आपलं मूल म्हणून वाढवायचं, ही आमच्याकडची रीत. किदिराली जन्मले ते मुकाशच्या पोटी. चाळिसाव्या दिवशी बोरोम्बायने त्यांना उचलून आपल्या कुशीत घेतलं, ते कायमचं. म्हणून बोरोम्बाय झाले 'बाबा' आणि जन्म दिला तो झाला 'दादा'. बोरोम्बायच्या समोर मुकाशने या मुलाला कधी मांडीवर घेतलं नाही, घ्यायचं नसतंच. विसाव्या वर्षी किदिरालींनी हा कागद करायला घेतला तेव्हा पहिली ओळ बोरोम्बायने स्वतः सांगितली: "लिही. किदिराली, बोरोम्बायचा मुलगा." त्यांनी लिहिली. लगेच शाईने. साऱ्या खोऱ्याची नावं दोन-दोनदा तपासणाऱ्या माणसाने ही एक ओळ पुन्हा कधी तपासली नाही.

"एक पिढी वाढते," उल्कानआजी म्हणाली. "आठ होतात. झालं की नाही?"

झालं कसलं! किदिराली उठून येरझाऱ्या घालायला लागले. "हे फार सोयीचं आहे! सोमवारी नव्हतं, गुरुवारी निघालं! सोनून काय म्हणेल? घरचं आलं तसा यांना नवा बाप सापडला!"

"सोयीचं आहे म्हणून खोटं का? भूक लागल्यावर रोटी मिळाली तर ती रोटी खोटी का?"

"पुरावा काय?"

"तुमचं नाक!" ती ओरडली. "आरशात बघा! आणि सोनूनला मी विचारते. तिच्या आईनेच तुमची नाळ कापली."

आणि खरंच, पिठाच्या हातानेच ती फाटकाशी गेली. सोनून दूध घेऊन आलीच होती. आम्ही सगळे कान टवकारून. सोनूनने ऐकून घेतलं, भांडं खाली ठेवलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ती आत येऊन दारात उभी राहिली.

"मुकाशचाच तू," ती म्हणाली. "आई सांगायची. तुला म्हाताऱ्याने नेलं तेव्हा मुकाश तीन दिवस घोड्यावरून उतरला नाही. माझ्या पोरीचं मोडलंस तेव्हा तू बरोबर होतास, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर जास्त राग येतो. आता हिचं तरी उगाच मोडू नकोस."

ती गेली. किदिराली कागदाजवळ खाली बसले. म्हणाले, "उल्कान, हिशेबाचं नाही गं. मी हे लिहिलं की बाबा माझे बाबा राहत नाहीत. आजोबा होतात. ज्यांनी मला भरवलं, शिकवलं, त्यांना मी एक पायरी वर ढकलायचं?"

"मग तसं म्हणा ना," ती हळूच म्हणाली. "चार दिवस नियम नियम काय करत होतात?"

तेव्हा ते रडले. आणि रडता रडता तिला सांगितलं ते मला तिनेच नंतर सांगितलं. मोजणीदार म्हणून त्यांचा पहिला उन्हाळा. मोजणीचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब धरायला माणूस मिळेना, तेव्हा मुकाश आपली मेंढरं दुसऱ्यावर सोपवून आला. लढाईत पाय गेलेला, तरी चढ चढून लांब जाऊन खांब धरून उभा राहायचा. हे दुर्बिणीत बघून ओरडायचे, "दादा, डावीकडे! अजून! हलू नकोस!" तो हलायचा नाही. तीन महिने. दुर्बिणीतून त्याचं तोंड अगदी जवळ दिसायचं, आणि आपल्याला कोणी बघत नाही असं वाटून तो यांच्याकडे टक लावून बघत असायचा. एकोणीसशे एकाहत्तरमध्ये तो गेला. आमच्याकडे बाप गेला की मुलगे तंबूबाहेर काठीवर वाकून उभे राहतात आणि 'माझे बाबा' म्हणून मोठ्याने हंबरडा फोडतात. किदिराली काठी घेऊन उभे राहिले. पण बोरोम्बाय तेव्हा जिवंत होते, ऐंशी ओलांडलेले, समोरच बसलेले. त्यांच्या देखत दुसऱ्याला बाबा कसं म्हणायचं? किदिरालींनी 'माझे दादा' म्हणून हंबरडा फोडला. त्या दिवशी मुकाशला 'बाबा' म्हणून रडणारं कोणी नव्हतं. त्याला दुसरं मूल झालंच नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी जुमाकादिरना फोन केला. "या. तिथेच सांगतो." एवढंच.

शनिवारी आमची सगळी गल्ली त्यांच्या अंगणात. मुलाकडचे सात जण आले, एल्दियारचा चेहरा कागदासारखा पांढरा. तुर्सुनबेक पहाटेच बिश्केकहून पोचला होता. कानिशाय आजीशेजारी मान खाली घालून बसलेली. आमच्या खोऱ्यात पद्धत अशी की मुलीकडच्या वडीलधाऱ्याने तिचे बाप सांगायचे आणि मुलाकडच्याने ते मोठ्याने परत म्हणून दाखवायचे, म्हणजे ऐकलं, मानलं.

किदिराली उठले. टोपी नीट केली.

"कानिशायचा बाप तुर्सुनबेक. तुर्सुनबेकचा मी, किदिराली." ते थांबले. इतके थांबले की तुर्सुनबेक अर्धवट उठायला लागला. मग म्हणाले, "माझा बाप मुकाश."

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सोनून आज फाटकाच्या आत, बायकांत बसली होती; तिने मान डोलावली.

"मुकाशचा बोरोम्बाय, ज्याने मला वाढवलं. त्याचा सात्की. त्याचा तोको. त्याचा जायची. त्याचा केल्दिबेक. आठवा."

एल्दियारने तोंडावर दोन्ही हात घेतले. कानिशाय आजीच्या खांद्यावर कोसळली. अंगणात एकदम गलका झाला, आणि त्या गलक्यात जुमाकादिर बोटांवर मोजत रीतीप्रमाणे म्हणायला लागले, "कानिशायचा बाप तुर्सुनबेक. तुर्सुनबेकचा बाप किदिराली. किदिरालीचा बाप मुकाश. मुकाशचा बाप..."

चौऱ्याहत्तर वर्षांत हे असं, चारचौघांत, किदिरालींनी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"थांबा," किदिराली म्हणाले. "ते परत म्हणा."

"झालं!" मागून कोणी तरी हसलं. "आता बसा सकाळपर्यंत!"

जुमाकादिर गोंधळले. "काय, चुकलं का माझं?"

"चुकलं नाही."

"मग ऐकू नाही आलं?"

"आलं. परत म्हणा."

जुमाकादिरनी उल्कानआजीकडे बघितलं. ती डोळे पुसत होती. "म्हणा हो," ती म्हणाली, "जरा मोठ्याने म्हणा."

 जुमाकादिरनी घसा खाकरला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "किदिरालीचा बाप मुकाश."